नाणी नंतर, गुडघे आधी

प्रश्न: पुढच्या आठवड्यापासून बेली डान्सच्या नवशिक्यांच्या क्लासला जाणार आहे. वय ४१, दिवसभर बसून काम, जिना चढताना गुडघे कुरकुरतात. पैसे भरल्याबरोबर स्टुडिओने नियमांचा दोन पानी कागद हातात ठेवला. दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर नाचायचं नाही, बसून बघायचं. अनवाणी यायचं. पहिला महिना नाण्यांचा स्कार्फ बांधायचा नाही (मी तर तो आधीच घेऊन ठेवलाय!). व्हिडिओ काढायचा नाही. इतक्या शिस्तीची खरंच गरज असते का? पोट उघडं ठेवावं लागतं का, हे कागदावर कुठेच नाही आणि विचारायला संकोच वाटतो. एक मैत्रीण नुसती बघायला येते म्हणतेय, तिला आणू का?

उत्तर: पोट खुशाल झाकून जा. शिक्षिकेला तुमचं पोट बघायचं नसतं. तिला दोन गोष्टी दिसायला हव्यात: खुब्यांची रेषा आणि बरगड्यांची खालची कड. म्हणून अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट आणि बेंबीच्या खाली बसणारी लेगिंग किंवा योगा पँट एवढं पुरे. घरात फक्त ढगळ टी-शर्टच असतील तर तोच घाला आणि बाजूला गाठ मारा. पायघोळ, टाचेखाली येणारी विजार मात्र नको. मागे पाऊल टाकताना तिच्यावरच पाय पडतो. अंगठ्या, लांब कानातली, मनगटातली कडी घरी ठेवा, कारण हात डोक्यामागून फिरायला लागले की ती केसांत अडकतात.

पोटाबद्दलचा हा गैरसमज नावामुळे झालाय. अरबीत या नाचाला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचं नृत्य. फ्रेंचांनी त्याला ‘पोटाचा नाच’ म्हटलं, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानंतर त्याच अर्थाचं इंग्रजी नाव अमेरिकेत चिकटलं आणि जगभर गेलं. चमचमता दोन तुकड्यांचा पोशाखही नाइटक्लबच्या मंचावरचा आहे. नर्तकी बदिया मसाबनीने १९२६ मध्ये कैरोत सुरू केलेल्या क्लबसारख्या जागांमधून तो लोकांच्या डोळ्यांत भरला. घरच्या समारंभांत होणारा बलदी (म्हणजे साध्या लोकांमधला) नाच पायघोळ झग्यातच होतो आणि कंबरेला एक ओढणी बांधली की काम भागतं.

नावात पोट असलं तरी पहिले दोन महिने राबतात ते गुडघे आणि मांड्या. तुमचे गुडघे कुरकुरतात म्हणता, तेव्हा हा भाग नीट वाचा.

उभं राहण्याची पद्धत अशी. पावलं खुब्यांच्या अंतरावर, एकमेकांना समांतर, बोटं समोर. गुडघे किंचित सैल, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. माकडहाड जमिनीकडे, बरगड्या उचललेल्या, खांदे मागे आणि खाली. माकडहाडाचं जमलंय की नाही हे भिंतीला पाठ लावून कळतं. टाचा भिंतीपासून साधारण दहा सेंटिमीटर पुढे ठेवा, गुडघे जरा वाकवा आणि कंबरेमागे हात घाला. सपाट तळवा जेमतेम सरकला तर ठीक. मूठ आरपार गेली तर कंबर आत वळली आहे आणि शिमी (खुब्यांची भरभर थरथर) करताना तिथेच दुखणार. तळवाही शिरत नसेल तर माकडहाड जास्तच पुढे ओढलंय. मग खुबे कुलूप घातल्यासारखे अडकतात आणि काही हलतच नाही.

आता ‘हिप लिफ्ट’, म्हणजे एका बाजूचा खुबा वर उचलणं. पाहताना वाटतं की कंबरेच्या बाजूचा स्नायू आखडून खुबा वर ओढला. सुरुवातीला तसं करायचं नसतं. दोन्ही गुडघे सारखे वाकलेले असताना फक्त उजवा गुडघा सरळ करा. टाच जमिनीलाच टेकलेली. उजवा खुबा आपोआप वर जातो, कारण त्याच्याखालचा पाय लांब झालाय. डावा गुडघा मात्र होता तेवढाच वाकलेला राहिला पाहिजे, आणि बहुतेकींचं इथेच चुकतं. उजवा सरळ होताना डावाही नकळत सरळ होतो आणि सगळं शरीर लिफ्टसारखं वरखाली जायला लागतं. आरशात डोक्याच्या टोकावर नजर ठेवा. डोकं वरखाली होत असेल तर दोष डाव्या गुडघ्याचा. डोकं स्थिर आहे पण उजवा खांदा खाली झुकतोय, तर तुम्ही कंबर मुडपून खुबा उचलताय.

गुडघा सरळ करायचा म्हणजे मागे ढकलून ताठ करायचा नाही. सरळ होण्याच्या अलीकडेच थांबायचं. सांधा कट्कन बसेपर्यंत ताणला आणि शिमीच्या वेगात तसं पन्नास वेळा केलं, तर कुरकुरणारा गुडघा दुसऱ्या दिवशी जिना चढू देत नाही. शिमी म्हणजे हीच हालचाल आलटून पालटून, भरभर. ठेक्याच्या प्रत्येक मात्रेला एक, मग दोन, मग चार अशी चढवत न्या. पाचव्या मिनिटाला मांड्यांच्या पुढच्या बाजूला जळजळ झाली तर ते बरोबर आहे. गुडघ्याच्या वाटीमागे किंवा कंबरेत दुखायला लागलं तर तिथेच थांबून पुन्हा भिंतीशी जा. दुखणं सहन करत राहिलं की जमतं असं सांगणाऱ्या शिक्षिकेवर विश्वास ठेवू नका. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर ते वर्ग सुरू होण्याआधी बाजूला घेऊन सांगा. मधेच थांबून सांगितलं तर तिला तुमच्यासाठी वेगळा पर्याय सुचवायला वेळ मिळत नाही.

आडवा आठ शिकवतील तेव्हा एक गंमत होते. ‘खुब्यांनी आठ काढा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देवनागरी ८ येतो आणि हालचाल अर्धवट उघडीच राहते. इथला आठ इंग्रजी आहे, दोन वेटोळ्यांचा, आणि तो जमिनीवर आडवा ठेवलेला. उजवा खुबा पुढे, बाहेर, मागे, मग मधून जाऊन डावा पुढे, बाहेर, मागे. दोन्ही वेटोळी सारखी होत नाहीत, डावं बहुधा लहान राहतं, म्हणून घरी डाव्या बाजूला दोन फेऱ्या जास्त द्या.

आता तुमचा कागद.

उशिराचा नियम कडक वाटतो, पण तो सगळ्यांत शहाणा आहे. पहिल्या दहा ते पंधरा मिनिटांत घोटे, गुडघे, खुबे, पाठीचे मणके आणि खांदे मोकळे केले जातात. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मांडीच्या सांध्यापुढचे स्नायू आखडलेले असतात आणि ते कंबरेला पुढे ओढून ठेवतात. त्या अवस्थेत थेट मोठे खुब्याचे गोल करायला घेतले तर गोल खुब्यात न होता कंबरेच्या मणक्यात होतो. बसून बघण्याचा कंटाळा करू नका. त्या दिवशी शिक्षिकेचे फक्त पाय बघा, तिच्या खुब्यांकडे बघूच नका. कधी कुठल्या पायावर वजन आहे हे वहीत लिहिलंत तरी तास वाया जात नाही. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचण्याचा हिशोब ठेवा आणि त्याआधी दोन तास भरपेट खाऊ नका. पोटाच्या हालचाली नंतर येतील, पण बरगड्यांचे गोलसुद्धा भरल्या पोटी नकोसे होतात.

अनवाणी येण्यामागे दोन कारणं. बाहेरच्या चपला-बुटांबरोबर बारीक खडे येतात, ते लाकडी फरशीला ओरखडे पाडतात आणि चवड्यावर गिरकी घेताना दुसऱ्या कुणाच्या तरी पायात घुसतात. आणि नवशिकीला आपलं वजन तळव्यावर कुठे पडतंय हे बुटात कळत नाही. मोज्यांनी पाय घसरतो, ते घालू नका. टाचेचं किंवा तळव्याचं दुखणं असेल तर मऊ तळाचे नाचाचे बूट चालतील का ते विचारा. ते फक्त स्टुडिओतच घालायचे असतील तर सहसा हरकत घेत नाहीत. क्लासला निघताना पायाला क्रीम मात्र लावू नका, टाचा कितीही फुटलेल्या असोत. फरशीवर त्याचा पातळ थर बसतो आणि तुमच्या मागची घसरते. क्रीम रात्री, घरी.

नाण्यांच्या स्कार्फची आवड समजू शकतो, आणि तो वाया जाणार नाही. पण पहिल्या महिन्यात तो खोटं बोलतो. नाणी वाजली म्हणजे हालचाल बरोबर झाली असं नाही. मांडी थरथरवली, टाच आपटली, अगदी नुसतं वळलं तरी ती तितक्याच उत्साहाने वाजतात. कानाला कौतुक मिळालं की डोळा आरशातून हटतो. शिवाय पंधराजणींचे स्कार्फ वाजत असताना शिक्षिकेचं बोलणं आणि गाण्यातला ठेका दोन्ही बुडतात. शिमी जमायला लागली की मात्र तेच स्कार्फ कामाला येतात. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा आला पाहिजे. ‘छन्-छ, छन्-छ’ असा लंगडा आला तर एक गुडघा कमी वाकतोय. तोवर झालरीचा किंवा साधा ओढणीसारखा स्कार्फ बांधा, आणि बांधायचा कमरेवर नाही, खुब्यांच्या सर्वांत रुंद भागावर. गाठ बाजूला. घेतलेला स्कार्फ घरी उलटा करून बघा. नाणी एकाच लांब दोऱ्यात ओवलेली असतील तर एक तुटलं की ओळ सुटते आणि अनवाणी पायांखाली धारदार पत्र्याचे तुकडे पसरतात. दर पाच-सहा नाण्यांनंतर दोऱ्याला गाठ मारून घ्या. नाणं पडलं तर लगेच उचला, गाणं चालू असलं तरी.

झांजांचंही तेच. बोटांतल्या या छोट्या झांजांना इजिप्तमध्ये सगात आणि तुर्की नावावरून झिल म्हणतात. एकूण चार, प्रत्येक हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात एकेक. पहिल्या टप्प्यात त्या लागत नाहीत. पुढे घ्याल तेव्हा मधे एक भोक असलेल्या नकोत, दोन फटी असलेल्या घ्या. एका भोकाच्या झांजेत इलॅस्टिक पिळतं आणि ती बोटावर फिरत राहते. इलॅस्टिक नखाच्या मुळाशी, पहिल्या सांध्याच्या वर बसवायचं, हात झटकला तरी उडणार नाही इतकं घट्ट, पण बोटाचं टोक निळं पडेल इतकं नाही. शिक्षिका बोलत असताना झांजा मुठीत बंद.

झांजांऐवजी आत्ता ठेका कानात बसवा. सगळ्यांत जास्त भेटणारा मकसूम, आठ मोजणीत असा: डुम टेक – टेक, डुम – टेक –. रेघ म्हणजे मोकळी मोजणी. डुम म्हणजे दरबुका या हाताने वाजवायच्या ढोलाच्या मधोमध पडणारी जड थाप, टेक म्हणजे कडेवरची. दुसऱ्या मोजणीवर टेकच्या जागी डुम आला, डुम डुम – टेक, डुम – टेक –, की झाला बलदी. मधले डुम जोडीने आले, डुम टेक – डुम, डुम – टेक –, की सईदी. टाळ्या वाजवून हे तिन्ही वेगळे ओळखता आले तर खुबा कधी खाली पाडायचा हे कुणी सांगावं लागत नाही. जड हालचाल डुमवर जाते.

व्हिडिओचा नियम बहुतेकांना जाचतो. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. बसवलेला नाच शिक्षिकेची निर्मिती आहे आणि तो कुठे दिसावा हे तिने ठरवायचं. मागे आरशात इतर बायका असतात, त्यांतल्या काहींनी घरी किंवा कामावर कुणालाही सांगितलेलं नसतं. आणि तिसरी, आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची: फोनमध्ये आहे या भरवशावर डोकं काहीही लक्षात ठेवत नाही. त्याऐवजी वहीत मोजणीने लिहा. ‘१–४ उ. खुबा वर चारदा, ५–८ आडवा आठ, वजन डा.’ अशी एक ओळ म्हणजे आठ मोजण्या. घरी पोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत लिहिलंत तर दोन-तीन ओळी सोडून सगळं आठवतं. बऱ्याच ठिकाणी सत्राच्या शेवटी शिक्षिका स्वतः एकदा संपूर्ण नाच करून दाखवते आणि तेवढं टिपू देते. तो व्हिडिओ सरावासाठी, समाजमाध्यमांवर टाकायला नाही. हाच नियम स्टुडिओलाही लागू हवा. जाहिरातीसाठी वर्गाचे फोटो काढताना तुम्हाला विचारणार का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

आणि कागदावर काय नाही, तेही बघा. शिक्षिका चूक सुधारताना तुमच्या खुब्याला किंवा बरगड्यांना हात लावेल. चांगली शिक्षिका आधी विचारते. नको असेल तर ‘तोंडी सांगा, हात नको’ एवढं पुरतं, कारण द्यावं लागत नाही. चुकलेल्या वर्गाची भरपाई कशी, शिक्षिका आजारी पडली तर पैशांचं काय, मधेच सोडलं तर किती परत, हे लेखी नसेल तर मागा. याबाबतीत संकोच केलात तर भांडण पुढे ठरलेलंच.

न लिहिलेले काही रिवाजही असतात. पहिल्या दिवशी मागच्या रांगेत पण मधोमध उभ्या राहा; कोपऱ्यात आरसा तिरका दिसतो. पुढचीच्या बरोबर मागे नको, दोघींच्या मधल्या फटीत. शिक्षिका तुमच्याकडे तोंड करून उभी असेल तर बहुधा ती आरशासारखं उलटं करते, तिचा डावा तो तुमचा उजवा. पाठ करून उभी असेल तर जसं आहे तसं. शेजारणीची चूक तुम्ही सुधारायची नाही, कितीही दिसत असली तरी. उग्र अत्तर लावून जाऊ नका. बंद खोलीत दीर्घ श्वास घेणाऱ्या पंधराजणी असतात. कुणाच्या पोशाखाला, नाचात फिरवायच्या ओढणीला, नाचातल्या तलवारीला न विचारता हात लावू नका, आणि पुढे कधी कार्यक्रमात नाचलात तर मंचावर जाण्याआधी व उतरल्यावर पोशाखावर पायघोळ झगा घाला. प्रेक्षकांत चमचमत्या पोशाखात फिरणं या क्षेत्रात फार कच्चं समजलं जातं.

कुठली शैली शिकवतात हेही विचारा, कारण नियम त्यावरून बदलतात. इजिप्शियन शैलीत हालचाली आत ओढलेल्या, लहान. तुर्की शैली मोकळी आणि वेगवान. नर्तकी कॅरोलेना नेरिकियोने सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ मध्ये सुरू केलेल्या ‘फॅटचान्स बेलीडान्स’ गटाच्या शैलीत नाच आधी बसवलेलाच नसतो. डाव्या पुढच्या कोपऱ्यातली नर्तकी इशारा देते आणि बाकीच्या तिच्यामागे जातात. तिथे ठरलेली जागा सोडून उभं राहिलात तर इशाराच दिसत नाही, म्हणून जागेबद्दल त्या फार काटेकोर असतात. नवशिकीला यातली कुठलीही चालेल, फक्त एकाच वेळी दोन नकोत. एकीकडे खुबा गुडघ्याने उचलायला सांगतील आणि दुसरीकडे बाजूच्या स्नायूने. दोन्ही बरोबर असतं, तुमचा मात्र खिचडा होतो.

बाळंतपणानंतर पोटाचे मधले स्नायू फाकलेले राहिले असतील (पाठीवर झोपून डोकं उचललं की बेंबीजवळ मधोमध उंचवटा येतो किंवा बोटं आत जातात), तर पोटाच्या लाटा शिकवायला घेतील तेव्हा थांबा आणि आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. बाकी हालचाली तोवर चालू ठेवायला सहसा अडचण नसते, पण तेही त्यांनाच विचारा. पाळीत क्लासला जाण्याला मनाई नाही, झेपेल तेवढं करा.

घरचा सराव रोज दहा मिनिटं, अनवाणी, मोठ्या आरशासमोर. दोन मिनिटं भिंतीशी उभं राहणं, तीन मिनिटं सावकाश हिप लिफ्ट (डावा जास्त), तीन मिनिटं आडवा आठ, उरलेल्यात शिमी, आणि शेवटी पोटऱ्या व मांड्या ताणून घ्या. रविवारी एकदम तासभर केलं तर शेवटची चाळीस मिनिटं थकल्या मांड्यांनी चुकीचंच घोटलं जातं.

मैत्रिणीचं आधी विचारा, सोबत नेऊन दारात विचारू नका. नवशिक्यांच्या वर्गात बघ्यांना बहुधा बसू देत नाहीत, कारण पहिल्या महिन्यात सगळ्याच जणी अवघडलेल्या असतात आणि कोपऱ्यात बसून बघणारी एक व्यक्ती सगळ्यांच्या खांद्यांत दिसते. एकदाच येऊन बघण्याचा ट्रायल वर्ग असतो का, ते विचारा. असेल तर तिलाही योगा पँट घालून यायला सांगा.